सासूबाई रेंगाळत नाहीत, चावतायत

प्रश्न : माझ्या सासूबाई ७७ वर्षांच्या आहेत. निवृत्त शिक्षिका. कऱ्हाडला आमच्याबरोबरच राहतात. गेल्या वर्षभरात त्यांचं जेवण फार लांबत चाललंय. आधी वीस मिनिटांत ताट रिकामं व्हायचं, आता पाऊण तास लागतो. घास तोंडात घोळवत बसतात. मध्येच कुणी काही विचारलं की चावणं थांबतं, उत्तर देतात, मग पुन्हा सुरू. दीड वर्षापूर्वी मागच्या चार दाढा काढाव्या लागल्या, तिथे काढ-घाल करायची कवळी आहे. डेंटिस्टनी दोनदा बघून ‘कवळी छान बसलीय, काही दोष नाही’ असं सांगितलं. बीपीची आणि चक्करेची गोळी चालू आहे. ठसका क्वचित लागतो. विसराळूपणा म्हणाल तर चष्मा कुठे ठेवला इतपतच. पेन्शनचा हिशोब अजून स्वतः करतात, तोही चोख. मिस्टर म्हणतात, आई लक्ष वेधून घ्यायला मुद्दाम रेंगाळते. ते कानावर गेल्यापासून त्यांनी ‘तुम्ही जेवून घ्या, मी मागाहून बसते’ असं सुरू केलंय. नणंद म्हणते, सगळं मिक्सरमधून काढून द्या. आणि व्हॉट्सॲपवर आलंय की चावणं कमी झालं की डिमेन्शिया होतो, च्युइंगम चघळलं की तो टळतो. यातलं खरं काय? आम्ही काय करावं?
— एक सून, कऱ्हाड

उत्तर : सुरुवात तुमच्या मिस्टरांपासूनच करते. पाऊण तास ताटासमोर बसून राहणं ही लक्ष वेधून घेण्याची फारच कंटाळवाणी रीत झाली. ज्या बाईंनी आयुष्यभर पोरांनी भरलेला वर्ग नुसत्या नजरेवर गप्प बसवला, त्यांना याहून बऱ्या युक्त्या ठाऊक असणार.

तुम्ही पत्रात एक गोष्ट सहज लिहून गेलात. कुणी विचारलं की चावणं थांबतं. मला सगळ्यात बोलकी वाटली ती हीच. चाळिशी-पन्नाशीत आपण चावता चावता मालिकेतल्या सुनेवर टीका करतो, मुलांची भांडणं सोडवतो, आमटीत मीठ कमी आहे हेही सांगतो. चावण्याकडे आपलं लक्षच नसतं. सासूबाईंना आता ते लक्ष द्यावं लागतंय. दोष स्वभावाचा नाही आणि कवळीचाही नाही. चावणं हे दातांइतकंच, किंबहुना दातांहून जास्त, मेंदूचं काम आहे आणि वय वाढलं की मेंदू ते काम वेगळ्या पद्धतीने करू लागतो.

जरा स्वतःवरच करून बघा. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी दोन बोटं ठेवा आणि दात घट्ट मिटा. बोटांखाली टणक फुगवटा उठेल, तो मॅसेटर स्नायू. तशीच बोटं कानशिलावर ठेवून दात मिटा, तिथेही हालचाल जाणवेल, तो टेम्पोरॅलिस. जबडा मिटवायचं मुख्य बळ यांचं, आणि यांना हुकूम पोचवते ट्रायजेमिनल नावाची नस. जिभेची नस वेगळी, गालाची त्याहून वेगळी. आता भाकरीचा एक घास तोंडात घ्या आणि सावकाश चावत आत काय चाललंय ते बघा. जीभ घास उचलून दाढांवर नेऊन ठेवते. गाल बाहेरून आत रेटतो, म्हणजे घास हिरड्या आणि गालाच्या खाचेत पडत नाही. दाढा मिटायच्या आत जीभ बाजूला झालेली असते. दाढा उघडल्या की ती परत येते, बारीक झालेलं मागे सारते, भरड राहिलेलं पुन्हा दाढेखाली ढकलते. हे सगळं सेकंदाला एक-दोनदा. एवढ्या धावपळीत आपली जीभ क्वचितच चावली जाते, याचंच खरं तर नवल करायला हवं.

हा ठेका कुठून येतो? मेंदूच्या बुडाशी मानेकडे उतरणारा जो देठासारखा भाग आहे, ब्रेनस्टेम, तिथून. तिथल्या पेशींचं जाळं उघड-मीट, उघड-मीट असा ताल स्वतःच धरतं. १९७१ मध्ये डेलो आणि लुंड या संशोधकांनी सशांवर हे दाखवून दिलं. जबड्याचे स्नायू औषधाने लुळे केले होते, जबडा हलतच नव्हता, तरी मेंदूकडून नसांमध्ये चावण्याचा ठेका येतच होता. श्वास आणि चालणं यांचे ठेकेही असेच खालच्या मजल्यांवर ठरतात. निरोगी म्हातारपणात हा मूळ ठेका फारसा बिघडत नाही. बिघाड होतो तो त्याला मिळणाऱ्या खबरीत आणि वरून होणाऱ्या देखरेखीत.

आधी खबर. दात हाडात सिमेंटने पक्का केल्यासारखा बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ थर असतो आणि त्यात स्पर्श-दाब ओळखणारी नसांची टोकं असतात. घास किती कडक आहे, कोणत्या बाजूला आहे, जोर किती लावावा, हे मेंदूला तिथून कळतं. भातात खडा लागला की ‘खडा!’ असं मनात यायच्या आत जबडा उघडलेला असतो, तो या खबरीमुळे. शरीरात इतरत्र स्पर्शाची खबर आणणाऱ्या नसांच्या पेशी मेंदू आणि मज्जारज्जूच्या बाहेर, गाठींमध्ये असतात. जबड्याचे स्नायू आणि दात यांच्यासाठीच्या काही पेशी मात्र थेट मेंदूच्या आत जाऊन बसल्यात. शरीरात अशी सवलत दुसऱ्या कुणाला नाही.

दाढ काढली की तो थरही जातो. कवळीला तो नसतो, हाडात स्क्रूने बसवलेल्या इम्प्लांटलाही नसतो. मग हिरडी, जबड्याचे सांधे आणि स्नायू मिळून ती खबर कशीबशी पुरवतात, पण पहिल्यासारखी बारीक नाही. म्हणून डेंटिस्ट म्हणतात कवळी उत्तम आहे तेही खरं, आणि सासूबाईंना तिच्यावर भरवसा वाटत नाही तेही खरं. घास पुरेसा बारीक झाला की नाही हे नीट कळत नसेल, तर माणूस शहाणपणाने आणखी थोडं चावतो. घास घोळवणं म्हणतात ते बरंचसं हेच.

आता देखरेख. माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफील्ड या शल्यविशारदांनी १९३०च्या दशकात शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य वीज लावून शरीराचा कोणता भाग मेंदूत कुठे आहे याचा नकाशा काढला. त्यात ओठ, जीभ आणि चेहऱ्याच्या वाट्याला प्रचंड जागा आली, आख्ख्या पाठीपोटाहून कितीतरी जास्त. म्हातारपणी या भागांचं काय होतं हे जपानमधल्या संशोधकांनी २००३ साली एमआरआय यंत्रात लोकांना गम चघळायला लावून पाहिलं. तरुणांच्या तुलनेत वयस्कांमध्ये हालचाल आणि स्पर्श सांभाळणारे भाग, लहान मेंदू आणि थॅलॅमस (मेंदूच्या मधोमध असलेलं, खबरी पुढे पोचवणारं केंद्र) यांची सक्रियता कमी दिसली. कपाळामागच्या भागात मात्र ती वाढलेली दिसली. हा भाग एरवी लक्ष देणं, बेत आखणं, दोन कामं एका वेळी सांभाळणं यासाठी वापरला जातो. याचा एक अर्थ असा लावला जातो की जे काम पूर्वी खालच्या खाली, आपोआप उरकत होतं त्यासाठी आता वरून जाणीवपूर्वक मदत घ्यावी लागते. गुडघे कुरकुरायला लागलेली व्यक्ती जिना उतरताना बोलायची थांबते ना, पायरीवर नजर ठेवून कठड्याला धरून उतरते, तसंच हे. त्या वेळी कुणी हाक मारली तर ती आधी थांबेल, मग ओ देईल.

तैवानमधल्या एका गटाने २०१६ मध्ये निरोगी वयस्कांच्या मेंदूच्या प्रतिमा आणि त्यांची चावण्याची क्षमता यांचा मेळ घातला. कुणी चांगलं चावतं, कुणी कमी, या फरकाचा संबंध त्यांना हालचालीचं क्षेत्र आणि लहान मेंदू यांच्यातल्या जोडणीशी सापडला. दात मोजून म्हाताऱ्या माणसाचं चावणं कळत नाही, याला त्यामुळे पुष्टी मिळते.

एक फ्रेंच अभ्यासही सांगते, कारण घरातल्या वातावरणाला तो उपयोगी पडेल. २००४ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या, दात शाबूत असलेल्या लोकांना मुद्दाम बनवलेले कमी-जास्त टणक घास चावायला दिले. वय जितकं जास्त तितक्या वेळा घास चावला गेला. दात पूर्ण असूनही! पण घास टणक झाला की त्याप्रमाणे जोर आणि चावण्याची संख्या वाढवण्याची हुशारी वयस्कांमध्ये कायम होती. म्हणजे जास्त वेळ चावणं हा मेंदूने काढलेला तोडगा आहे. तो मोडून काढायला जाऊ नका. ‘आई, आवर ना’ म्हटलं की माणूस अर्धवट चावलेला घास गिळतो, आणि ठसका लागतो तो तेव्हा.

इथवर वाचून तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकला असेल. थोडं थांबा. तुमच्या पत्रात मला एक गोष्ट खटकते. वय दशकानुदशकं हळूहळू काम करतं. वीस मिनिटांचं जेवण वर्षभरात पाऊण तासावर गेलं, त्याचं सगळं खापर वयावर फोडता येणार नाही. दाढा गेल्या हा एक धक्का झालाच. पण मला त्या चक्करेच्या गोळीबद्दल जास्त कुतूहल आहे. तिचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. पाकिटावर सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन असं लिहिलंय का बघा. या गोळ्या थोडे दिवस घ्यायला दिलेल्या असतात आणि आपल्याकडे त्या केमिस्टकडून वर्षानुवर्षं आणल्या जातात. चक्कर पुन्हा येईल या भीतीने कुणी बंदच करत नाही. वयस्क माणसांत त्यांच्यामुळे पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. सगळी हालचाल मंदावते, त्यात चावणं आणि गिळणंही आलं. मळमळीसाठीची मेटोक्लोप्रमाइड आणि काही मानसिक आजारांवरच्या गोळ्याही हे करू शकतात.

हे घरी ताडून बघायला सोपं आहे. सासूबाई शिक्षिका, म्हणजे अक्षर घोटलेलं असणार. पेन्शनच्या वहीतलं दोन वर्षांपूर्वीचं पान आणि आजचं पान शेजारी ठेवा. अक्षर बारीक होत गेलंय का? ओळीच्या शेवटाकडे आणखी बारीक होतंय का? चालताना दोन्ही हात पूर्वीसारखे हलतात का? आवाज खोल गेलाय का, चेहरा पूर्वीइतका हसरा-रागीट राहिलाय का, की सपाट वाटतो? यातलं काही ‘हो’ निघालं तर ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि ही लक्षणं गोळीमुळेच आहेत असंही गृहीत धरू नका, खुद्द पार्किन्सनचा आजारही याच वयात सुरू होतो. तो ओळखायचं काम डॉक्टरांचं.

बीपीच्या गोळीकडेही एक नजर टाकायला सांगा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, सर्दी-खाजेच्या गोळ्या, यांनी तोंड कोरडं पडतं. लोक म्हणतात म्हातारपणी लाळ आटते. बऱ्याचदा ती गोळ्यांनी आटलेली असते. लाळेशिवाय घास बांधला जात नाही. कोरड्या तोंडात पोळी चामट होऊन फिरत राहते आणि पोह्यांचा भुगा होतो. कवळीलाही धरून राहायला लाळेचा ओलावा लागतो.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर मी वय, कवळी यांचं नावही काढणार नाही. चावणं अचानक बिघडलं, घास एकाच गालात साठतोय, तोंड वाकडं झालंय, बोलणं अडखळतंय किंवा एक हात कमजोर पडलाय, तर १०८ ला फोन. लकव्यात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे उद्या सकाळी बघू असं चालत नाही. चार घास चावले की जबडा दुखून येतो आणि थांबलं की बरं वाटतं, सोबत कानशिलात डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, असं असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. हा आजार आपल्याकडे फारसा दिसत नाही, पण त्यात नजर कायमची जाऊ शकते म्हणून त्याच दिवशी दाखवायचं. पहिले घास नीट, शेवटचे घास चावायला जबड्यात त्राणच नाही, संध्याकाळी पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, तर मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची, तपासणी लागते. आणि ठसका. क्वचित लागतो म्हणालात, ठीक आहे. दर जेवणात लागायला लागला, पाणी प्यायल्यावर आवाज घशात पाणी असल्यासारखा घोगरा यायला लागला किंवा वारंवार ताप-खोकला येऊ लागला, तर अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याची शंका घ्यावी लागते. गिळण्याची तपासणी आणि व्यायाम स्पीच थेरपिस्ट करतात. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, ते फक्त तोतरेपणासाठी असतात असा समज आहे. सासूबाईंची सुपारी किंवा मिश्री चालू असेल तर तोंड पूर्ण उघडतं का, आत पांढरे चट्टे आहेत का, हेही डेंटिस्टना बघायला सांगा.

आता व्हॉट्सॲपचा डिमेन्शिया. ज्यांचे दात गेलेत त्यांच्यात स्मृतिभ्रंश जास्त आढळतो असं अनेक पाहण्यांमध्ये दिसलंय, हे खरं आहे. जपानमध्ये उंदरांच्या दाढा काढल्यावर त्यांची स्मरणशक्ती घटल्याचे प्रयोगही आहेत. पण एक घडतं तिथे दुसरंही घडतं, एवढ्यावरून कुणामुळे कोण हे ठरत नाही. स्मृती खालावली की माणूस दात घासायला विसरतो, दवाखान्यात जायचं टाळतो आणि दात जातात, असंही होतं. मधुमेह, तंबाखू, गरिबी यांनी दातही जातात आणि मेंदूचंही नुकसान होतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. त्यात बहिरेपण आहे, रक्तदाब आहे, एकटेपणा आहे, दिसायला कमी होणं आहे. दात पडणं त्यात नाही. खुद्द डिमेन्शिया बराच पुढे गेला की माणूस घास तोंडात धरून बसतो, चावायचं किंवा गिळायचं हेच विसरतो, हे मात्र आम्ही रुग्णांमध्ये पाहतो. पण तोवर हिशोब, पैसे, ओळखीचे रस्ते यांचे घोळ कधीच सुरू झालेले असतात. पेन्शनचा पै-पैचा हिशोब ठेवणाऱ्या बाईंबद्दल मला आज तरी ती काळजी वाटत नाही. कानाने कमी ऐकू येत असेल तर ते आधी तपासा. त्याने मेंदूचं जास्त भलं होईल.

च्युइंगमने डिमेन्शिया टळतो याला पुरावा नाही. शिवाय ते कवळीला चिकटतं. उपकार करून कवळी उचकटू नका.

‘बत्तीस वेळा चावा’ हाही निरोप आला असेल तर तो पुढे पाठवू नका. अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी होरेस फ्लेचर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. अन्न तोंडात पातळ पाण्यासारखं होईस्तोवर चावायचं, द्रव पदार्थसुद्धा तोंडात खेळवायचा, असा त्यांचा आग्रह होता आणि मोठमोठे लोक त्यांच्या नादी लागले होते. त्या जेवणावळींना काय रंगत येत असेल देव जाणे. घास किती चावायचा हे घासावर आणि तोंडावर ठरतं, गणतीवर नाही. सासूबाईंचं लक्ष आधीच पणाला लागलंय, त्यात मोजदाद कशाला?

मिक्सरबद्दल नणंदेशी थोडं भांडावं लागलं तरी चालेल. गिळण्याच्या तपासणीत कुणी तसं सांगितलं तरच सरसकट वाटलेलं अन्न द्यायचं. एरवी नाही. पोळी, भाजी, वरण, भात एकत्र फिरवून झालेला करडा लगदा कोण आवडीने खाईल? वाटलेलं खाल्लं की जबड्याच्या स्नायूंना काम उरत नाही. ते वयानुसार बारीक होतातच, काम गेलं की आणखी होतात. मग साधा भातही जड वाटतो. आणि असं ताट अर्धवट राहतं, वजन उतरतं.

त्यापेक्षा पदार्थ तेच ठेवा, त्यांचा कडकपणा कमी करा. भाकरी पोळीपेक्षा बरी, कारण ती मोडते, पोळी ताणते. ताजी भाकरी लोणी-तूप लावून, बारीक तुकडे करून घट्ट आमटीत मुरवून द्या. तुकडे मुरेपर्यंत थांबा. पातळ आमटीत तरंगणारे कोरडे तुकडे हा सगळ्यात अवघड घास असतो, पाणी आधी घशात उतरतं आणि तुकडा तोंडातच राहतो. मिसळीचा रस्सा-फरसाण, दुधातले चुरमुरे, ताकातला मोकळा भात हे याच जातीचे. पालेभाजीचे देठ काढा, टोमॅटोची साल काढा, शेवग्याची शेंग असेल तर गर काढून द्या. शेंगदाणे दाण्याचं कूट म्हणून घाला. मऊ शिजलेली मुगाची उसळ, अंडी, पनीर, दही ही प्रथिनं रोजच्या रोज हवीत. मासे चालत असतील तर काटे तुम्ही काढून. साबुदाण्याची खिचडी चिकट होते, उपासाला भगर जास्त बरी. आणि फोडणी, लिंबू, कोथिंबीर, मेतकूट यांत हात आखडू नका. वयाबरोबर वास मंदावतो आणि चव म्हणजे बरीचशी वासच असते. खमंग वास आला की लाळ सुटते, मेंदूही जेवणाला तयार होतो.

बसायला खुर्ची, पाठ ताठ, पाय जमिनीवर टेकलेले, हनुवटी किंचित खाली. पलंगावर रेलून जेवण नाही. कवळी लावूनच जेवायचं, रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवायची. जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये काही राहिलं नाही ना ते चूळ भरून बघायचं.

जपानमध्ये वृद्धांकडून जेवणाआधी ‘पा-ता-का-रा’ म्हणून घेतात. पा ला ओठ मिटतात, ता ला जिभेचं टोक पुढे टेकतं, का ला जिभेची मागची बाजू उठते, रा ला जीभ वळते. घासाला ज्या हालचाली लागतात त्यांचाच हा सराव. सासूबाईंना ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य कुणी शिकवायला नको. नातवंडं असतील तर त्यांच्याकडून त्यांनीच म्हणून घ्यावं, दोघांचंही काम होईल. जादू नाही ही, पण खर्चही नाही. याच जपानने १९८९ पासून ‘८०२०’ ही मोहीम चालवली: ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात. तुमच्या-माझ्या वयाच्यांनी तो आकडा आरशासमोर उभं राहून पडताळून बघावा, उरलेल्या दाढा काढायची घाई करू नये.

सगळ्यात मोठा बदल मात्र पंगतीत करायचाय. ‘मी मागाहून बसते’ हे ताबडतोब थांबवा. त्यांच्या पिढीतल्या बायकांनी ते वाक्य जन्मभर म्हटलं आणि कुणी त्यावर विचार केला नाही, म्हणून आजही घरात ते सहज खपून जातं. आज मात्र त्या ते लाजेने म्हणतायत. एकट्याने जेवणारं म्हातारं माणूस कमी जेवतं, आणि घास अडकला तर शेजारी कुणी नसतं. त्यांना सगळ्यांच्या पंधरा-वीस मिनिटं आधी वाढा, मग तुम्ही बसा, म्हणजे साधारण एका वेळी उठाल. टीव्ही बंद. गप्पा चालू. फक्त उत्तराची अपेक्षा असलेले प्रश्न त्यांना घास तोंडात असताना विचारायचे नाहीत. ‘आई, गॅस बुक केला का?’ हे हात धुतल्यावरही विचारता येतं. त्यांना बोलायचं असेल तर त्या घास संपवून बोलतील, आणि तेवढं थांबायचं.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, ‘ती पिवळी छोटी’ असं सांगून भागत नाही. सासूबाईंना विचारून जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घ्या. दवाखान्यात त्या चार घास खाऊन दाखवणार नाहीत, आणि खाल्ले तरी तिथे त्या नेटाने खातील. सोबत अक्षराची ती दोन पानं. आधी फिजिशियन, त्यांना गरज वाटली तर न्यूरोलॉजिस्ट. चक्करेची गोळी बदलली गेली तर फरक दिसायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तोवर दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच काट्यावर, सकाळी वजन करून पेन्शनच्याच वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या विसाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे ५० किलोला अडीच किलो, उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला न्या.